मोडकं, पण हत्यारच

सिलिंडर बाहेर यायला तयार नाही. दुकानाचे मालक, ज्यांना इथं येणारा जो तो काकाच म्हणतो, डाव्या अंगाची कळ अंगठ्यानं पुढं रेटतात, दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरला लावून दाबतात, थांबतात, पुन्हा दाबतात. नळी सगळा वेळ भिंतीकडे. शेवटी ते कुरकुरत बाजूला येतं. काका सहाही घरं उजेडाकडे धरून आरपार बघतात, मग आबांना दाखवतात, आबांच्या मुलाला दाखवतात आणि मलाही. रिकामं आहे, हे आबांनी दारातच सांगितलं होतं. त्यांच्या शब्दावर कुणाचा अविश्वास नाही, पण या धंद्यात सांगितलेलं रिकामं धरत नाहीत, बघितलेलंच धरतात.

"आता बसा," काका म्हणतात. "च्या सांगतो."

आबा प्रयाग चिखलीचे. सत्तरी ओलांडलेली, टोपी कडक, आवाज त्याहून कडक. परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत आणि रिव्हॉल्वर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी आणलंय. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो, माझा कॉलेजातला मित्र. गाडीत जागा होती म्हणून मी आलो, आणि खरं सांगायचं तर रिव्हॉल्वर इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं म्हणूनही. आबांचं म्हणणं एका ओळीचं: खंडेनवमी तोंडावर आली, तेवढ्यात हे चालू करून द्या.

दुकान कोल्हापूरच्या जुन्या पेठेत आहे, माहीत नसेल तर समोरून जाताना लक्षातही येणार नाही. काचेच्या कपाटात साखळी ओवलेल्या दोन नळ्यांच्या बाराबोरी बंदुका, पलीकडे एअर रायफली, खालच्या फळीवर छऱ्यांचे गोल डबे. भिंतीवर दुकानाचा परवाना फ्रेम करून लावलाय. त्याच्या शेजारी वर्तमानपत्रातून कापलेले फोटो: २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेली राही सरनोबत, आणि २०२४ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. गणपतीच्या तसबिरीपेक्षा हे फोटो जास्त पुसलेले दिसतात. कारण सरळ आहे. परवान्याच्या बंदुकांचं गिऱ्हाईक कधीमधी येतं, छऱ्यांचं रोज.

मागच्या खोलीतून मिस्त्री येतात. पायजमा, वर मळकट ॲप्रन, चष्मा कपाळावर. ते रिव्हॉल्वर हातात घेतात ते आधी वजन बघायला, मग वासाला. हो, वास घेतात.

"खोबरेल लावतासा व्हय ह्याला?"

"मग काय लावायचं? घरचंच तेल," आबा म्हणतात.

"खोबरेल थंडीत थिजतंय आबा, आन् जुनं झालं की चिकटतंय. डिंक झालाय सगळा आत."

आबा मुलाकडे बघतात, जणू खोबरेल त्यानं लावलं.

रिव्हॉल्वर स्पेनचं आहे. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं, नळी आखूड, मुठीच्या काळ्या रबरी पट्टीला तडा गेलेला. निकेलचा मुलामा जिथं टिकलाय तिथं चकाकतो, जिथं उडालाय तिथं लोखंड तपकिरी दिसतं. स्पेनच्या बास्क मुलखात एइबार नावाचं गाव आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या छोट्या छोट्या कारखान्यांनी अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनच्या नकला ढीगभर काढल्या आणि जगभर स्वस्तात विकल्या. काही कारखानदार नळीवर इंग्रजीत लांबलचक ओळ कोरत: याला स्मिथ अँड वेसनची काडतुसं उत्तम. खोटं त्यात काही नाही. फक्त घाईत वाचणाऱ्याला अमेरिकन कंपनीचंच नाव दिसावं, एवढी सोय. पहिल्या महायुद्धात बंदुका कमी पडल्या तेव्हा ब्रिटिश सैन्यानंही एइबारची रिव्हॉल्वरं घेतली, म्हणजे अगदीच टाकाऊ माल नव्हता. पण पोलाद बहुतेक वेळा मऊ, आणि आतले भाग हातानं कानशीनं घासून बसवलेले. एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच असं नाही.

आबांनी ते सेकंडहँड घेतलं, ऐंशीच्या दशकात, रीतसर परवाना काढून. तेव्हा घरचं गुऱ्हाळ होतं. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे व्हायचे, पट्टी रोखीत मिळायची, आणि ते पैसे कमरेला बांधून अंधारात चिखलीला परतायचं असायचं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून या शहरात गुळाला पैसा आहे आणि पैशाला वाटमारीची भीती आहे.

"कधी वापरलं का हो आबा?" मी विचारतो.

"वापरायचं कशाला? कमरंला हाय एवढं चार गावाला म्हाईत हुतं. तेवढ्यात भागलं."

आता गुळाची पट्टी बँकेत जमा होते, गुऱ्हाळ बंद पडलंय, ऊस कारखान्याला जातो. रिव्हॉल्वरचा प्रवास मात्र चालूच आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. आबा हाताच्या बोटांवर मोजायला लागतात: लोकसभा, विधानसभा, झेडपी... मुलगा हसून म्हणतो, "आमच्या घरात सगळ्यात जास्त मतदान ह्यानंच केलंय."

मिस्त्री बाजूच्या पत्र्याचे स्क्रू सोडवायला घेतात. पहिला निघतो. दुसऱ्याला ते पातळ तेलाचा थेंब सोडतात आणि हात बांधून बसतात. कुणी बोलत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हर न फिरवता नुसता दाबून धरतात, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि स्क्रू सुटतो. पत्रा उचलल्यावर आत जे दिसतं ते बघायला आम्ही तिघंही पुढं वाकतो.

गाळ. स्प्रिंगच्या वळणाखाली, दातऱ्याच्या कोपऱ्यात, राखाडी, बारीक, वाळून घट्ट बसलेला गाळ. मिस्त्री तो दाभणानं खरवडून पांढऱ्या कागदावर काढतात. पंचगंगेचा. ऑगस्ट २०१९मध्ये चिखली पाण्याखाली गेली तेव्हा माणसं बोटीतून निघाली, सुटतील तेवढी जनावरं सोडली, आणि लोखंडी कपाट जागेवर राहिलं. पाणी ओसरल्यावर आबांनी रिव्हॉल्वर उन्हात वाळवलं आणि वर खोबरेल चोळलं. जुलै २०२१ला पुन्हा पाणी आलं. त्या वेळी ते माळ्यावर ठेवलं होतं, पण ओल तिथंही पोचली. गाळाबरोबर कागदावर थोडी लाल भुकटीही पडते. मिस्त्री चष्मा खाली घेतात.

"कुंकू," आबा स्वतःच सांगतात. दर खंडेनवमीला पाटावर नांगराचा फाळ, विळा, कोयता आणि मधोमध हे. पाण्यात कालवलेलं कुंकू सिलिंडरच्या फटीतून आत गेलंय आणि जिथं बसलं तिथं लोखंडाला खड्डे पडलेत. पुरानं जेवढं बिघडवलं नसेल तेवढं पूजेनं बिघडवलंय, असं मला वाटून जातं, पण या घटकेला ते बोलायची माझी छाती नाही.

साफसफाई झाल्यावर खरी तपासणी. मिस्त्री घोडा अगदी हळू मागं ओढतात. घोडा मागं येतो तसं सिलिंडर फिरतं आणि एक घर नळीच्या बरोबर मागं येऊन थांबायला हवं. थांबल्याचा खट्ट आवाज यायला हवा आणि त्यानंतर सिलिंडर बोटानं हलायला नको. पहिलं घर, खट्ट. दुसरं, खट्ट. तिसऱ्याला आवाज नाही. मिस्त्री करंगळीनं सिलिंडर ढकलतात, ते आणखी किंचित फिरतं आणि मग अडकतं. पुढं एक घर तसंच. ते बॅटरी मागून धरतात, रिव्हॉल्वर रिकामंच, आणि मला नळीच्या तोंडाकडून बघायला सांगतात. नळीच्या गोलात एका कडेला घराची भिंत डोकावतेय. केसभर. पण दिसतेय.

"गोळी सुटली की ह्या कडंला घासणार," मिस्त्री म्हणतात. "शिसं तासलं जाणार आन् फटीतनं बाजूला उडणार. शेजारी कोण हुबा असंल त्याच्या तोंडावर. आन् घासायच्या ऐवजी अडकलीच, तर मग नळीचं काय हुईल ते मी सांगायला नको."

"बाकीची चार घरं बरोबर हाईत की," आबा म्हणतात.

"कुठलं घर म्होरं हाय ते चोराला इचारायचं का?"

काका खोकतात. हसू दाबलेला खोकला.

सिलिंडरला अडवणारा खटका झिजलाय आणि त्याच्या खाचाही. नवा खटका आणायचा कुठून? हे रिव्हॉल्वर बनवणारा कारखाना कधीच बंद झाला. दुसऱ्या मोडीत निघालेल्या स्पॅनिश रिव्हॉल्वरचा भाग मिळाला तर तो घासून बसवून बघायचा, आणि मिळेल याची खात्री नाही. किंवा नव्यानं घडवायचा. इथं माझ्या मित्राचे डोळे चमकतात. इतका वेळ तो गप्प होता. आता तो खटका तळहातावर घेऊन उलटसुलट करतो, खिशातून व्हर्निअर काढतो (व्हर्निअर घेऊन हिंडणारा माणूस फक्त याच शहरात भेटतो) आणि म्हणतो, "ह्यात काय हाय? वायरकटवर अर्ध्या तासात काढतो. मटेरियल ह्यापेक्षा भारी लावतो."

तो बढाई मारत नाही, हे मला माहीत आहे. शिवाजी उद्यमनगरात फिरलेल्या कुणालाही माहीत आहे. मोडलेलं इंजिन, बंद पडलेला पंप, ज्याचा कारखानाच जगातून उठून गेलाय अशी यंत्रं इथं येतात आणि चालत परत जातात. बाबूराव पेंटरांनी दादा मिस्त्रींना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या गावच्या माणसाला 'ही वस्तू दुरुस्त होणार नाही' हे वाक्य शिवीसारखं लागतं. टाकून देणं म्हणजे हरणं, असा इथला हिशेब.

काका तो खटका त्याच्या तळहातावरून उचलून घेतात. शांतपणे, पण लगेच.

"दादा, तुमच्या मशीनवर हे गेलं तर तुमचं बी कल्याण आन् तुमच्या मालकाचं बी." मग ते भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट करतात. १९५९च्या शस्त्र कायद्यानं बंदूक बनवायला परवाना लागतो, विकायला लागतो, तसाच दुरुस्त करायलाही लागतो. घरात ठेवायचा परवाना आबांकडे आहे, दुरुस्तीचा नाही. विनापरवाना बनवणं आणि दुरुस्ती एकाच कलमात बसतात, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाची शिक्षा किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. कायद्याचीही दुरुस्ती होते, फक्त ती उद्यमनगरात होत नाही.

मित्र व्हर्निअर खिशात ठेवतो.

तेवढ्यात दारात एक बाई आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी. मुलीच्या पाठीवर दप्तराशेजारी लांब काळी पिशवी. छऱ्यांचे दोन डबे हवेत, अमुकच कंपनीचे, गेल्या वेळचे नकोत. मुलगी डबा उघडून एक छरा बोटांत धरते, त्याची कड बघते आणि मान हलवते. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तिला पोलीस ठाण्याचा रस्ताही माहीत नसेल. काउंटरवर उघडं पडलेलं रिव्हॉल्वर तिला दिसतं. ती एकदाच बघते, आणि मळलेल्या वहीकडे बघावं तसं बघून आईला म्हणते, "चल, प्रॅक्टिसला उशीर होतोय." आबा ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात.

चहा येतो. आबा बशीत ओततात आणि मुद्द्याचा प्रश्न विचारतात, जो मला वाटतं त्यांनी घरून निघतानाच ठरवून आणलाय.

"समजा न्हाई केलं दुरुस्त. मोडकंच ऱ्हायलं. मग परवान्याची कटकट तर गेली? पूजेपुरतं ठेवतो घरात."

"तिथंच तर मेख हाय," काका म्हणतात.

मेख कलम ४५मध्ये आहे. जुन्या घाटाचं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण कधी? दुरुस्त करून किंवा न करता, कशाही प्रकारे त्यातून गोळी झाडता येणार नाही, तेव्हा. 'दुरुस्त करून' हे शब्द तिथं मुद्दाम घातलेत. म्हणजे आबांचं रिव्हॉल्वर चालत नाही हे खरं, पण मिस्त्रींच्या हातून ते चालू शकतं, म्हणून ते आजही पुरतं हत्यार आहे. त्याला परवाना लागणार, नूतनीकरण लागणार, निवडणुकीला जमा करणं लागणार. चालू हत्याराची सगळी पीडा, आणि चालू हत्याराचा उपयोग शून्य. कायदा करणाऱ्यानं इतका सरळ विचार केला, याचं मला कौतुक वाटतं. मोडकं म्हणून घरात ठेवायचं आणि रात्री एक स्प्रिंग बसवून बाहेर काढायचं, ही वाट त्यानं बंद केलीय. मात्र आबांसारख्या माणसाच्या पूजेच्या पाटालाही तीच फूटपट्टी लागते.

"मग इकून टाकू," मित्र म्हणतो. "भंगारच हाय, काय येईल ते."

इथं काका जे सांगतात ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. भंगार नाही. अमेरिकेत असलं स्पॅनिश रिव्हॉल्वर नुसतं भिंतीवर टांगायच्या लायकीचं समजतात. पण आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे, त्यामुळे आत आलं तेवढंच फिरत राहतं, आणि विलायती छाप असला की हौशी माणूस किंमत मोजतो. तिकडं कानपूरचं सरकारी बत्तीस बोअर नवं घ्यायला लाखाच्या वर मोजावे लागतात. २०१४ला बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, अर्ध्या किलोचं, त्याचीच किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. आता वेबली कंपनीची रिव्हॉल्वरंही उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनतात. म्हणजे पर्याय आहेत. तरीही जुन्या विलायती मालाला मागणी आहे. अट एकच, चालू पाहिजे.

मित्र मिस्त्रींकडे बघतो. हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसतो: दुरुस्तीचे चार पैसे घाला, विका, वर फायदा.

मिस्त्री कप खाली ठेवतात. "करून दीन की मी. खटका घडवीन, खाचा भरून घासीन. सहाच्या सहा घरं खट्ट वाजतील. घेणारा खूश. पण लोखंड मऊ हाय दादा. चार डबे काडतुसं मारली की परत हाय तिथंच. त्या वेळंला त्ये कुणाच्या हातात असंल? नाव माझं लागतंय."

"म्हंजे दुरुस्त हुतंय, पण तुमी करणार न्हाई," आबा म्हणतात.

"करणार न्हाई असं न्हाई. करा म्हणालासा तर करतो. इचारलासा म्हणून सांगितलं."

मला या माणसाचा हेवा वाटतो. नाही म्हणायची सोय असताना तो नाही म्हणत नाही. जे होईल ते पुढ्यात मांडतो आणि निवड ज्याची त्याच्याकडे ठेवतो. गाडीच्या गॅरेजात, दवाखान्यात किती ठिकाणी असं कुणी बोलेल, कोण जाणे.

राहतो प्रश्न वारसाचा. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाची ७० वर्षं भरली किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. आबा दोन्ही कसोट्यांना कधीच उतरलेत. अर्ज नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयात, मग पोलिसांची चौकशी, मग एकदा मिळाला की ५ वर्षांनी नूतनीकरण. काका हे सांगत असताना आबा मुलाकडे बघत नाहीत. रिव्हॉल्वरकडेही नाही. ते बघतात समोरच्या कागदावरच्या गाळाकडे, आणि तो बोटानं एका बाजूला सारतात.

"ह्याच्या नावावर न्हाई करायचं," ते म्हणतात.

"आबा, मी कुठं नको म्हणालो?"

"तू हो बी म्हणाला न्हाईस." मग काकांकडे वळून, "मी कमरंला लावत हुतो तवा रस्त्यावर दिवा नव्हता. आता ह्यो हेल्मेट घालून जातोय, पैसं फोनमधी. ह्याला हे सांभाळायला लावून आमी काय मिळवणार? आन् एवढं करून त्ये म्होरच्याला लागंल का हातातच फुटंल, ह्येची खात्री मिस्त्री देत न्हाईत. नको. हाय असं ठेवून घ्या. मिस्त्री, काय करू नका. पत्रा तेवढा बसवा."

मिस्त्री काहीच न बोलता पत्रा बसवायला घेतात. स्क्रू तेच, क्रम तोच, फक्त आता तेल योग्य लागतं.

काका रजिस्टर ओढतात. दुरुस्तीचं नाही, ठेवीचं. परवान्याचा नंबर, हत्याराचा नंबर भिंगातून बघून, बोअर, बनावट. पुरात भिजलेली थोडी काडतुसं आबांनी खिशातून डबीत आणलीत, बुडावर खडकीच्या कारखान्याचा केएफ हा शिक्का. तीही मोजून, वेगळ्या ओळीत. पुढचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून: परवाना रद्द करायचा अर्ज, आणि हत्यार आहे त्या स्थितीत दुकानाला विकायची परवानगी. ती मिळेपर्यंत ते इथल्या तिजोरीत.

"महिन्याला ठेवीचं भाडं पडंल, आबा," काका पावती फाडत म्हणतात.

"भाडं? मोडक्याला?"

"मघाशी सांगितलं की. कायद्यानं मोडकं न्हाई त्ये."

आबा पावती घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवतात, टोपी सारखी करतात आणि उठतात. "मग च्याचं पैसं तुमी द्या," ते म्हणतात आणि दाराकडे चालू लागतात.